प्रकाशाचे शीड

मे महिन्यातील एखाद्या निरभ्र रात्री, दहा-अकराच्या सुमारास, दक्षिण क्षितिजाच्या थोडे वर पाहिले, तर दोन तेजस्वी तारे शेजारी शेजारी तळपताना दिसतात. डोंगर, झाडी वा धूळ आड आली नाही, तर महाराष्ट्रातूनही ते सहज ओळखता येतात. नरतुरंग नावाच्या तारकासमूहातील हे तारे होत. त्यांतील अधिक तेजस्वी ताऱ्याला मराठीत ‘मित्र’ असे सुंदर नाव आहे. पाश्चात्त्य लोक त्याला अल्फा सेंटॉरी म्हणतात. नुसत्या डोळ्यांना तो एकच दिसत असला, तरी वस्तुतः ते तीन ताऱ्यांचे कुटुंब आहे. या कुटुंबातील प्रॉक्झिमा नावाचा अतिशय मंद तारा हा सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा होय. २०१६ साली या ताऱ्याभोवती फिरणारा एक ग्रह सापडला, आणि तेथवर एखादे यान पाठवता येईल काय, हा जुना प्रश्न पुन्हा नव्या उत्कंठेने विचारला जाऊ लागला.

सर्वांत जवळचा म्हणजे किती जवळचा? प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लक्ष किलोमीटर अंतर तोडतो. या वेगाने तो वर्षभरात जेवढा प्रवास करतो, त्या अंतराला आपण प्रकाशवर्ष म्हणतो. प्रॉक्झिमा आपल्यापासून ४.२४ प्रकाशवर्षे, म्हणजे सुमारे ४० लक्ष कोटी किलोमीटर दूर आहे. एवढ्या मोठ्या आकड्याने मन गोंधळून जाते. म्हणून तो दुसऱ्या रीतीने पाहू. १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर–१ हे यान आज सूर्यमालेतील सर्व ग्रहांच्या पलीकडे, सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने धावत आहे. त्या वेगाने कोणी मुंबईहून निघाला, तर तो नऊ सेकंदांत पुण्यास पोचेल. परंतु याच वेगाने प्रॉक्झिमाचे अंतर तोडावयाचे झाल्यास सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. मानवाचा लिखित इतिहास अवघा पाच-साडेपाच हजार वर्षांचा आहे, हे ध्यानात घेतले, म्हणजे या प्रवासाची दीर्घता कळून येते.

मग आपले अग्निबाण अधिक मोठे का करू नयेत, असे तुमच्या मनात येईल. या शंकेचे उत्तर अग्निबाणाच्या स्वभावातच आहे. अग्निबाण इंधन जाळतो, त्यापासून उत्पन्न होणारे तप्त वायू वेगाने मागे फेकतो आणि त्या प्रतिक्रियेने स्वतः पुढे जातो. हे इंधन त्याला प्रारंभापासून बरोबर वाहून न्यावे लागते. लांबच्या वाटेला निघालेल्या वाटसरूने सगळी शिदोरी पाठीवर घेतली, तर ते ओझे वाहण्यासाठी त्याला अधिक खावे लागते, आणि अधिक खावे लागते म्हणून शिदोरी आणखी जड होते. तशीच अग्निबाणाची गत आहे. कॉन्स्तांतिन त्सिओल्कोव्स्की नावाच्या एका रशियन शालेय शिक्षकाने १९०३ साली या ओझ्याचे गणित मांडून दाखविले. मागे फेकलेल्या वायूच्या वेगाइतका वेग अग्निबाणास हवा असेल, तर निघताना त्याचे वजन अखेरच्या वजनाच्या सुमारे पावणेतीन पट असावे लागते. त्याच्या दुप्पट वेग हवा असल्यास हे प्रमाण सव्वासात पटींच्या वर जाते, तिप्पट वेगासाठी वीस पट होते, आणि दसपट वेगासाठी तर बावीस हजार पट! जळणाऱ्या इंधनांपैकी उत्तमात उत्तम इंधनाचे वायू सेकंदाला सुमारे साडेचार किलोमीटर वेगाने बाहेर पडतात. प्रकाशाच्या वेगाचा एक-पंचमांश वेग, म्हणजे सेकंदाला ६० हजार किलोमीटर, गाठावयाचा झाल्यास त्या वायूंच्या तेरा हजार पटींहून अधिक वेग हवा. साऱ्या विश्वातील द्रव्य इंधन म्हणून जाळले, तरी ते यास पुरणार नाही. म्हणजे येथे कारागिराच्या कौशल्याची उणीव नाही. तो मार्गच मुळी ताऱ्यांकडे जाणारा नाही.

यावर उपाय एकच संभवतो. इंधन यानाबरोबर पाठवू नये. ढकलणारी शक्ती यानाच्या बाहेर ठेवावी. आपल्या कोकण किनाऱ्यावरून पूर्वी जी गलबते व्यापाराला निघत, ती हेच करीत नव्हती काय? तांडेल आपल्याबरोबर वारा बांधून नेत नसे. तो शीड उभारी, आणि वारा त्याला नेई. अवकाशात हवा नाही, म्हणून वाराही नाही; परंतु प्रकाश आहे. तेव्हा प्रकाशाने शीड फुगेल काय, एवढेच पाहावयाचे उरते.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. धूमकेतूचे शेपूट नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला वळलेले असते, हे पाहून योहानेस केप्लर या थोर ज्योतिर्विदाने सतराव्या शतकाच्या आरंभी असा तर्क केला, की सूर्यकिरणच त्या शेपटाला मागे लोटत असले पाहिजेत. १६१० साली गॅलिलिओला उद्देशून लिहिताना त्याने आकाशातील वाऱ्यावर चालणाऱ्या शिडांच्या नौकांचीही कल्पना केली होती. शेपटातील सूक्ष्म धुळीपुरता त्याचा तर्क पुढे खरा ठरला. इंग्लंडमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी विद्युत् आणि चुंबकत्व यांचा जो सिद्धान्त मांडला, त्यातून प्रकाश ज्या पृष्ठावर पडतो त्यावर तो अल्पसा दाब देतो असा निष्कर्ष निघाला. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी तो नोंदविला. प्रकाशाला वजन नसले, तरी त्याला संवेग असतो. चेंडू भिंतीवर आपटून परत येताना भिंतीला जसा धक्का देतो, तसाच आरशावरून परतणारा प्रकाशही आरशाला मागे ढकलतो. हा दाब प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोजण्याचे अत्यंत नाजूक काम मॉस्को येथे प्योत्र लेबेदेव यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर केले. त्यांचे मापन १९०१ साली प्रसिद्ध झाले. आपल्या देशात मेघनाद साहा यांनीही तरुणपणी, १९१८ च्या सुमारास, कलकत्त्यास या विषयावर संशोधन केले होते.

हा दाब केवढा असतो, हे ऐकून मात्र तुम्हांला हसू येईल. पृथ्वीजवळ एक चौरस मीटर आरशावर सूर्यप्रकाश सरळ पडला, तर त्याची ढकल एक मिलिग्रॅम वजनाहूनही थोडी कमी भरते. मोठ्या दालनाच्या जमिनीएवढा, म्हणजे सुमारे वीस चौरस मीटरांचा आरसा घ्यावा, तेव्हा कोठे एका तांदळाच्या दाण्याच्या वजनाइतका जोर लाभतो. पृथ्वीवर हवेच्या एका झुळुकेपुढेही हा जोर काही नव्हे. पण अवकाशाची रीत निराळी आहे. तेथे यानाला अडविणारी हवा नाही, आणि लहानशी ढकल अहोरात्र, महिनोन्महिने चालू राहू शकते. थेंबाथेंबाने तळे साचते, त्याप्रमाणे क्षणाक्षणाला वेग साचत जातो.

हे नुसते कागदावरचे म्हणणे नाही. १९९२ साली अवकाशात गेलेल्या इन्सॅट–२ए या भारतीय उपग्रहाची वीज निर्माण करणारी सौरपटले एकाच बाजूस होती. त्यांवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या दाबाने उपग्रह कलू नये, म्हणून दुसऱ्या बाजूस लांब दांड्यावर एक लहानसे शीड बसविले होते. पुढे २०१० साली जपानने ‘इकारोस’ नावाचे यान शुक्राच्या दिशेने पाठविले. चौदा मीटर लांब व तितकेच रुंद असे त्याचे शीड होते, आणि त्याची जाडी एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी होती. त्यावरील प्रकाशाचा जोर अवघ्या एक-दशांश ग्रॅम वजनाइतका भरला. तरीही सुमारे तीनशे किलोग्रॅम वजनाच्या त्या यानाच्या वेगात सहा महिन्यांत सेकंदाला सुमारे शंभर मीटर एवढा फरक पडला. २०१९ साली अमेरिकेतील एका विज्ञानप्रेमी संस्थेने, बव्हंशी सामान्य नागरिकांच्या वर्गणीतून तयार केलेले ‘लाइटसेल–२’ हे छोटे यान सोडले. त्यानेही केवळ सूर्यप्रकाशाच्या साह्याने आपली कक्षा बदलून दाखविली.

तथापि सूर्याच्या वाऱ्याला एक मोठी मर्यादा आहे. सूर्यापासून जसजसे दूर जावे, तसतसा तो झपाट्याने मंदावतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो, तिप्पट झाले की नवव्या हिश्श्यावर येतो. गुरू ग्रहापाशी तो पृथ्वीजवळच्या प्रकाशाच्या सत्ताविसाव्या भागाएवढाच उरतो. ताऱ्यांच्या वाटेवर तर वारा पडलेल्या समुद्रातील गलबताप्रमाणे शीड निरुपयोगी होऊन जाईल. यासाठी फार न पसरणारा आणि सूर्यापेक्षा कितीतरी प्रखर असा प्रकाश हवा.

असा प्रकाश १९६० साली मानवाच्या हाती आला. त्या वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात थिओडोर मेमन यांनी माणकाच्या एका दंडगोलातून पहिला लेसर किरण निर्माण केला. विजेरीचा झोत चार पावलांवर पसरतो; लेसरच्या झोतातील सर्व लहरी मात्र कवाईत करणाऱ्या सैनिकांप्रमाणे एका तालात, एका दिशेने चालतात. त्यामुळे तो दूरवर एकवटलेला राहतो. चंद्रावर १९६९ साली ठेवलेल्या परावर्तकांवर पृथ्वीवरून लेसर किरण सोडून, तो परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून शास्त्रज्ञ चंद्राचे अंतर अचूक मोजतात. चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर सरकत आहे, हे याच रीतीने नेमके कळले. लेसरच्या शोधानंतर दोनच वर्षांनी, १९६२ साली, रॉबर्ट फॉरवर्ड या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने लेसरने शीड ढकलून ताऱ्यांकडे यान पाठविण्याची कल्पना मांडली. १९६६ साली हंगेरीच्या ग्यॉर्गी मार्क्स यांनीही अशाच प्रवासाचा शास्त्रीय विचार प्रसिद्ध केला.

लेसरचा उपयोग आणखी एका रीतीने करता येतो. लेसरचा झोत यानाच्या तळाशी एकवटून तेथील हवा वा एखादा पदार्थ एकाएकी तापवावयाचा, आणि त्याच्या स्फोटक प्रसरणाने यान वर उचलावयाचे. ही कल्पना आर्थर कँट्रोविट्झ यांनी १९७२ साली मांडली. २००० सालच्या ऑक्टोबरमध्ये न्यू मेक्सिको राज्यातील व्हाइट सँड्स येथे लीक मायराबो यांनी सुमारे पन्नास ग्रॅम वजनाचे, भोवऱ्यासारखे एक लहान यान दहा किलोवॉटच्या लेसरने ७१ मीटर उंच उडविले. ते सुमारे तेरा सेकंद हवेत होते. प्रारंभ म्हणून हा प्रयोग मोलाचा खरा. परंतु ७१ मीटर म्हणजे वीस-बावीस मजली इमारतीची उंची. अवकाशाची सीमा शंभर किलोमीटरांवर मानतात. या दोहोंतील अंतर विसरून चालणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लेसरने ढकललेले यान ताऱ्यापर्यंत पोचणे शक्य आहे काय? अशा प्रसंगी उत्साही मनुष्य ‘होय’ म्हणतो आणि निराश मनुष्य ‘नाही’ म्हणतो. शहाणा मनुष्य पाटी-पेन्सिल घेऊन गणित करतो. आपणही तेच करू.

एक गिगावॉट, म्हणजे एका मोठ्या औष्णिक वीजकेंद्राइतक्या सामर्थ्याचा लेसर झोत आरशावर पडून पूर्णपणे परतला, तर आरशावर केवढी ढकल बसेल? सुमारे ६८० ग्रॅम वजनाइतकी. एका मोठ्या नारळाला जेमतेम तोलून धरता येईल, एवढीच. यावरून एक गोष्ट उघड होते, की माणसांनी भरलेले अवजड यान या मार्गाने हलवणे आज विचारात घेण्याजोगे नाही. यान हवे ते अतिशय हलके, आणि लेसर हवा तो अतिशय बलवान. हाच विचार पुढे ठेवून २०१६ सालच्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क येथे उद्योजक यूरी मिलनर आणि विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी ‘ब्रेकथ्रू स्टारशॉट’ नावाचा संकल्प जाहीर केला. संशोधनासाठी दहा कोटी डॉलरांची रक्कम त्या वेळी घोषित झाली. काही ग्रॅम वजनाचे यान, सुमारे चार मीटर रुंदीचे शीड आणि १०० गिगावॉट सामर्थ्याचे लेसर, अशी ती योजना होती.

शीड व यान मिळून दोन ग्रॅम वजन धरू. शंभर गिगावॉटची ढकल ६८ किलोग्रॅम, म्हणजे एका प्रौढ माणसाच्या वजनाइतकी होते. दोन ग्रॅमच्या वस्तूवर एवढा जोर लावणे म्हणजे तिच्या वजनाच्या ३४ हजार पट जोर लावणे होय. अशा रीतीने सुमारे तीन मिनिटांत यानाचा वेग सेकंदाला ६० हजार किलोमीटर होईल, आणि तेवढ्या अवधीत ते सुमारे ५४ लक्ष किलोमीटर, चंद्राच्या अंतराच्या चौदा पट, दूर गेलेले असेल. त्यानंतर लेसर बंद केला तरी चालेल. पुढचा प्रवास ते आपल्या वेगानेच करील आणि सुमारे २१ वर्षांत प्रॉक्झिमापाशी पोचेल. पंचाहत्तर हजार वर्षांच्या जागी एकवीस वर्षे! निसर्गाचा कोणताही नियम याच्या आड येत नाही, ही या गणिताची पहिली शिकवण आहे.

दुसरी शिकवण मात्र तितकी सुखाची नाही. निसर्ग ‘ना’ म्हणत नाही, याचा अर्थ काम झाले असा होत नाही. प्रथम विजेचा विचार करा. आपल्या कोयना प्रकल्पाची वीजनिर्मितीची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. शंभर गिगावॉटसाठी असे सुमारे पन्नास प्रकल्प एकाच वेळी पूर्ण जोराने चालवावे लागतील. ही वीज तीनच मिनिटे लागणार असल्याने ती आधी साठवून ठेवता येईल; तरीही तीन मिनिटांच्या झोतातच ५० लक्ष युनिट ऊर्जा असेल, आणि लेसर निर्माण करताना वाया जाणारी वीज याहून वेगळी. शिवाय एवढा प्रचंड लेसर एकसंध बांधता येत नाही. एकेक किलोवॉटचे दहा कोटी लेसर किलोमीटर वा त्याहून अधिक विस्ताराच्या मैदानावर मांडून, ते सर्व मिळून जणू एकच झोत व्हावा, असे त्यांना एका तालात ठेवावे लागेल. वरील हवा सतत हालत असते. त्या हालचालीमुळेच तारे लुकलुकतात. तिच्यातून हा झोत न ढळता जावयास हवा.

नेमाचे काम आणखी कठीण. ५४ लक्ष किलोमीटरांवरील चार मीटरांच्या शिडावर झोत खिळवून ठेवणे म्हणजे मुंबईत उभे राहून दिल्लीत ठेवलेल्या मोहरीच्या एका दाण्यावर नेम धरण्यापेक्षाही अवघड आहे; आणि येथे तर तो दाणा पळत असतो.

शिडाची परीक्षा याहूनही कठोर आहे. तुमच्या वहीच्या कागदाचा एक चौरस मीटर तुकडा सुमारे साठ ग्रॅम भरतो. चार मीटर लांब व तितक्याच रुंद अशा शिडाचे एकूण वजन एक ग्रॅम ठेवावयाचे, तर ते वहीच्या कागदाहून सुमारे हजार पट हलके असले पाहिजे. त्यावर पडणारा प्रकाश भर दुपारच्या उन्हाच्या ४६ लक्ष पट प्रखर असेल. शिडाने त्यातील लक्षावा भाग जरी शोषून घेतला, तरी उन्हाच्या ४६ पट उष्णता त्याच्या अंगात मुरेल. घरातील आरसा तर पडलेल्या प्रकाशाचा बराच मोठा भाग शोषून घेतो. असे शीड एका क्षणात वाफ होऊन जाईल. इतके हलके, इतके तकतकीत, आणि तरीही न फाटणारे व न वळणारे शीड अद्याप कोणीही तयार केलेले नाही.

समजा, हेही साधले. वाटेत धुळीचे कण आहेत. एका ग्रॅमच्या दशलक्षाव्या भागाएवढा कण सेकंदाला ६० हजार किलोमीटर वेगाच्या यानावर आदळला, तर त्याचा आघात ताशी ९७ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या पाच टनांच्या मालमोटारीच्या ऊर्जेइतका असेल. एवढा मोठा कण क्वचितच भेटेल. परंतु एकच भेटला तरी पुरे. शेवटी यान ताऱ्यापाशी पोचेल, पण थांबणार नाही, कारण तेथे त्याला अडविण्यास दुसरा लेसर नाही. काही तासांत ते त्या ग्रहाजवळून निघून जाईल. तेवढ्यात त्याने चित्रे घ्यावयाची, आणि ग्रॅमभर वजनाच्या यंत्राने ती चाळीस लक्ष कोटी किलोमीटरांवरील आपल्यापर्यंत पोचवावयाची. या प्रत्येक पायरीवर आज संशोधक काम करीत आहेत. परंतु अशी संपूर्ण यंत्रणा अद्याप कोठेही उभी राहिलेली नाही, हे सत्य आपण स्वच्छपणे सांगितले पाहिजे.

याशिवाय एक प्रश्न यंत्राचा नसून माणसाचा आहे. जो झोत यानाला ताऱ्याकडे ढकलू शकेल, तो दुसऱ्या राष्ट्राच्या उपग्रहाला, क्वचित नगरालाही, भस्म करू शकेल. विळ्याने गवत कापता येते, तसा हातही कापतो. असे साधन कोणाच्या ताब्यात असावे, ते कधी आणि कोणाच्या संमतीने चालवावे, हे राष्ट्रांनी आधी एकत्र बसून ठरविले पाहिजे. १९६७ साली अनेक राष्ट्रांनी अवकाशाच्या शांततामय उपयोगासंबंधी करार केला. त्याच मार्गावर आणखी पुष्कळ चालावे लागेल. विज्ञानाने ज्याची वाट दाखविली, ते करण्यास आपण लायक आहो की नाही, हे विज्ञान सांगत नाही.

तेव्हा ‘हे शक्य आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. ‘शक्य’ आणि ‘साध्य’ या दोन शब्दांतील अंतर आपण ओळखले पाहिजे. अग्निबाणाने ताऱ्यांकडे वेगाने जाणे अशक्य आहे, कारण तेथे निसर्गाचा नियमच आड येतो. त्या वाटेवर कितीही धन व श्रम खर्चिले तरी ते व्यर्थ जातील. प्रकाशाच्या शिडाने जाणे शक्य आहे, पण आज साध्य नाही. तेथे आड येते ते आपल्या साधनांचे अपुरेपण. पहिल्या प्रकारची अडचण ओळखून मागे फिरावे, यात शहाणपण आहे. दुसऱ्या प्रकारच्या अडचणीपुढे धीराने बसून एकेक गाठ सोडवावी, यात पुरुषार्थ आहे. केप्लरच्या तर्कापासून लेबेदेव यांच्या प्रयोगापर्यंत जवळजवळ तीनशे वर्षे गेली, आणि त्या प्रयोगापासून इकारोसच्या शिडापर्यंत आणखी शंभराहून अधिक. मधल्या काळातील ज्यांनी आपल्या वाट्याचे काम निष्ठेने केले, त्यांपैकी बहुतेकांना शेवट पाहावयास मिळाला नाही. आंब्याची कोय पुरणारा फळांचा हिशेब केवळ स्वतःच्या आयुष्याशी घालीत नाही.

आणि या कामाचे माप तर तुमच्याच वयाने घेता येईल. असे यान ज्या दिवशी निघेल, त्या दिवशी जो विद्यार्थी तेरा वर्षांचा असेल, तो यान प्रॉक्झिमापाशी पोचेल तेव्हा चौतीस वर्षांचा झालेला असेल. तेथून निघालेल्या संदेशाला पृथ्वीवर येण्यास आणखी सव्वाचार वर्षे लागतील. म्हणजे परक्या ताऱ्याच्या ग्रहाचे जवळून घेतलेले पहिले चित्र तो अडतिसाव्या वर्षी पाहील. कदाचित आपल्या मुलांना जवळ घेऊन. ते यान कधी निघेल, हे आज कोणी सांगू शकत नाही. मात्र त्याचे शीड कोणाला तरी विणावे लागेल, त्याचे गणित कोणाला तरी सोडवावे लागेल, आणि तो झोत शस्त्र होऊ नये यासाठी कोणाला तरी जागरूक राहावे लागेल.

स्वाध्याय

१. अग्निबाणाला आपले इंधन बरोबर न्यावे लागते, यामुळे कोणती अडचण उत्पन्न होते? लेखकाने ती कोणत्या दृष्टान्ताने समजावून दिली आहे?

२. सूर्यप्रकाशाच्या शिडाची मर्यादा कोणती? लेसरमुळे ती कशी दूर होते?

३. थोडक्यात माहिती लिहा : (अ) इकारोस (आ) लेबेदेव यांचे मापन (इ) २००० सालचा व्हाइट सँड्स येथील प्रयोग.

४. ‘शक्य’ आणि ‘साध्य’ या शब्दांतील भेद पाठाच्या आधारे स्पष्ट करा. तुमच्या अनुभवातील शक्य असूनही अद्याप साध्य न झालेल्या एका गोष्टीविषयी दहा ओळी लिहा.

५. एक गिगावॉटचा लेसर आरशाला सुमारे ६८० ग्रॅम वजनाइतक्या जोराने ढकलतो. पाच गिगावॉटचा लेसर किती जोराने ढकलील? गणित करून सांगा.

६. पुढील शब्दांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा : शिदोरी, उत्कंठा, पुरुषार्थ, थेंबाथेंबाने तळे साचणे.